बायपासनंतरची संबंधांची भीती मोजायला आयआयईएफ-५ चालेल का?

तुम्ही विचारलंय: नागपुरात एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध करतेय, बायपास-अँजिओप्लास्टी झालेल्यांना शरीरसंबंधांची वाटणारी भीती मोजायचीय, गाइड म्हणतात आयआयईएफ-५ (पुरुषांच्या ताठरतेची प्रश्नावली) घ्या.

नका घेऊ. ते पाच प्रश्न गेल्या सहा महिन्यांतली ताठरता विचारतात. भीतीपोटी जो जवळच गेला नाही, त्याचे गुण पडतात आणि तो तुमच्या तक्त्यात नपुंसक ठरतो. बायकांना तर ते लागूच नाहीत. सीएक्यू या हृदयचिंतेच्या प्रश्नावलीत (१८ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण) हृदयाबद्दलची चिंता कळते, पलंगावरची नाही. तुलनेला ती जोडा, बस्स.

प्रश्न स्वतः तयार करा, आणि भीती सुटी करून विचारा: झटका येईल, स्टेंट सरकेल, छातीचं हाड जोडणारी तार तुटेल, गोळ्यांमुळे जमणार नाही. जोडीदाराचा फॉर्म वेगळा. पुष्कळदा जास्त घाबरलेली तीच असते. ‘लैंगिक क्रियेविषयी भय’ असलं छापील मराठी भंडारा-गोंदियाकडच्या पेशंटपुढे ठेवू नका. ‘नवरा-बायकोचे संबंध ठेवाचं भेव लागते का?’ असं विचारलं की उत्तर येतं. छिंदवाडा-बालाघाटवाल्यांसाठी हिंदी फॉर्म लागेल, आणि त्याची चाचणी वेगळी.

‘कधीच नाही’ (म्हणजे भीती वाटत नाही) आणि ‘संबंधच नाहीत’ हे दोन रकाने एक केले की सगळं मुसळ केरात. दुसऱ्याखाली कारण घ्या: भीती, इच्छा नाही, जोडीदार नाही, डॉक्टरांनी मना केलं. तपासायला आलेल्या एका गठ्ठ्यात फॉर्ममागून फॉर्म ‘कधीच नाही’. निरखून पाहिलं तर एकेका घरचे दोन्ही फॉर्म एकाच अक्षरातले. ओपीडीच्या रांगेत मुलगा पेन धरून, बाप शेजारी, सून मागच्या बाकावर! कोण काय सांगणार? दार लावून एकेकट्याला विचारा. पुरुषाला पुरुषाने, बाईला बाईने. सुरुवात जिन्यापासून करा. दोन मजले भराभर चढणं साधारण ३-४ मेट्सचं (स्वस्थ बसण्याच्या तीन-चार पट श्रमाचं) काम, संबंधांचा ताणही जवळपास तेवढाच. जिन्यातच छाती भरून येणाऱ्याची भीती खरी आहे. त्याचे गुण वेगळे ठेवा.

नमुना प्रश्नामागे ५ ते १० माणसं. अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.७ च्या वर हवा, पण ०.९५ ओलांडला तर एकच प्रश्न चारदा विचारलाय समजा. दोन आठवड्यांनी काही जणांना पुन्हा विचारा.

हो, आणि सॉर्बिट्रेटवर (छातीदुखीची नायट्रेट गोळी) असलेला कुणी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतो असं बोलता बोलता निघालं, तर फॉर्म बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रक्तदाब धाडकन कोसळतो. एथिक्स कमिटीच्या अर्जातही हे लिहा.

‘आपल्याकडची माणसं असलं सांगत नाहीत’ हे गाइड लोकांचं जुनं पालुपद. डिस्चार्ज कार्ड काढून दाखवा त्यांना: मीठ कमी, तेल कमी, रोज चाला. संबंधांबद्दल एक ओळ आहे का त्यावर? विचारलंच नाही, तर सांगतील कसे?