दैत्याच्या खुर्चीवर रात्र काढायची का?

प्रश्न: आम्ही बर्मिंगहॅमला असतो. ऑक्टोबरच्या शेवटी वेल्समधल्या कादर इद्रिस डोंगरावर जायचा प्लॅन आहे, बरोबर 12 वर्षांचा मुलगा. तो म्हणतो वरचं तळं म्हणजे ज्वालामुखीचं तोंड आहे, आणि ह्यांनी कुठेतरी ऐकलंय की वर झोपलं की माणूस कवी होतो, म्हणून तंबू न्यायचा हट्ट चाललाय. कळसूबाई केलेली आहे, जमेल ना?

उत्तर: जमेल की, पण तंबू घरीच ठेवा. उंची 893 मीटर, कळसूबाईच्या निम्म्याहून थोडी जास्त, पण त्या आकड्यावर जाऊ नका कारण सुरुवातच जवळजवळ समुद्रसपाटीच्या लेव्हलला होते. मिनफॉर्दच्या वाटेने जा, आधी ओकच्या झाडीतून पायऱ्या पायऱ्या, दम काढतात, मग एकदम उघडं होतं आणि 'लिन काय' (Llyn Cau) नावाचं तळं समोर येतं, तिन्ही बाजूंनी कडे.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे हं. दगड ज्वालामुखीचाच, साधारण 45 कोटी वर्षं जुना, शिखराजवळ तर समुद्राच्या तळाशी थिजलेला गोल गोल फुगीर लाव्हा दिसतो. पण तळ्याचा खड्डा बर्फाने कोरलाय. तळ्याच्या तोंडाशी गुळगुळीत घासलेले खडक आहेत, त्यावर एकाच दिशेला जाणारे ओरखडे त्याला शोधायला लावा, हिमनदीच्या तळात अडकलेल्या दगडांनी काढलेत ते.

आता कवीचं. इद्रिस नावाच्या दैत्याची ही खुर्ची, तिथे रात्र काढली तर सकाळी माणूस कवी होऊन उठतो किंवा वेडा होऊन, आणि काही जण सांगतात की उठतच नाही (हे मिस्टरांना सांगितलंत का?). शिवाय ग्विन अप नीदची (वेल्श दंतकथांमधला परलोकाचा राजा) शिकारी कुत्री इथे भुंकत फिरतात, ऐकू आली की मरण जवळ आलं समजायचं. कथा झकास आहेत, पण वेल्समध्ये जमीनमालकाला न विचारता तंबू ठोकता येत नाही आणि ऑक्टोबरात वरचा वारा कविता बिविता सुचू देणार नाही. शिखरावर दगडी खोली आहे, तिथे बसून डबा खा, बास.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, मग पाचच्या सुमारास सूर्य गेलाच, म्हणून सकाळी लवकर निघा आणि हेडटॉर्च प्रत्येकाकडे. तळ्यापाशी पोचल्यावर वर ढग बसलेला असेल तर तिथूनच परत फिरा, पुढे कड्याच्या काठाकाठाने वाट जाते. फॉक्सेस पाथ नावाच्या दुसऱ्या वाटेने उतरू नका, सगळी सुटी दगडं. अडचण आलीच तर 999, आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू.