८० वायरींचा एलईडी बोर्ड ८ वायरींवर, आणि बॅटरी वाचवायची ती कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ग्रामपंचायतीसमोर लावायला ६४ बाय १६ चा लाल एलईडी बोर्ड हाताने सोल्डर करताय, ६४ कॉलम आणि १६ रो अशा ८० वायरी आर्डुइनो मेगा या कंट्रोलर बोर्डाला न्यायच्यात, सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर ७८०५ (१२ चे ५ व्होल्ट करणारा रेग्युलेटर) लावून चालवायचंय, आणि वायरी पण कमी हव्यात आणि पॉवर पण.

८० वायरी मेगात बसणारच नाहीत, ५४ डिजिटल आणि १६ अॅनॉलॉग मिळून ७० पिना आहेत त्याला. आणि बसल्या असत्या तरी एका पिनेतून २० मिलिअँपिअरच्या वर खेचू नये, तुमची एक रो पूर्ण पेटली की ६४ गुणिले २० म्हणजे १.२८ अँपिअर त्या एकाच रोच्या वायरीतून जाणार.

आता मुख्य मुद्दा. वायरी वाचवणं आणि पॉवर वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांची सरमिसळ झाली की डिझाइन बिघडतं. स्कॅनिंग केलं, म्हणजे सगळ्या रो एकदम न पेटवता आळीपाळीने भराभर पेटवल्या, की पॉवर वाचते असं बरेच जण सांगतात, ते अर्धवट आहे. एका वेळी १६ पैकी एकच रो पेटते म्हणून करंट १.२८ ला थांबतो हे खरं, पण मग प्रत्येक एलईडीला सरासरी सव्वा मिलिअँपिअरच मिळतो, उजेडही त्याच हिशोबाने कमी. दुकानांच्या पाट्यांवर जे लाल पी१० पॅनल दिसतात ते बहुतेक १/४ स्कॅनचे असतात (एका वेळी पाव भाग पेटतो), एका पॅनलवर ३२ बाय १६ ठिपके आणि मागे ८ बिटवाली १६ शिफ्ट रजिस्टरं (एका वायरीवरून एकामागून एक आलेला डेटा ८ आउटपुटवर मांडणाऱ्या चिपा). तुमच्या आकाराला असे दोन पॅनल, म्हणजे ३२ रजिस्टरं, १/१६ स्कॅनमध्ये हेच काम ८ रजिस्टरांत होतं. म्हणजे १/४ मध्ये उजेड चौपट, करंट चौपट आणि चिपाही चौपट, कंट्रोलरकडून येणाऱ्या वायरी मात्र जवळपास तेवढ्याच. म्हणून आधी उजेड किती हवा ते ठरवा, स्कॅन त्यावरून ठरतो.

१/१६ धरला तर मी असं करेन. कॉलमला ७४एचसी५९५ हे साधं शिफ्ट रजिस्टर नको, त्या अख्ख्या चिपची मर्यादा ७० मिलिअँपिअर आहे आणि ८ एलईडी २० ने पेटवले तर १६० होतात. एमबीआय५०२४ सारख्या १६ चॅनलच्या कॉन्स्टंट करंट (प्रत्येक एलईडीला ठरलेलाच करंट देणाऱ्या) आयसी घ्या, चार पुरतात, करंट ठरवायला प्रत्येक चिपला एकच रेझिस्टर लागतो म्हणजे कॉलमचे ६४ रेझिस्टर आणि त्यांचं सोल्डरिंग वाचलं. रोला एक ७४एचसी१५४ (४ वायरींवरून १६ पैकी एक आउटपुट निवडणारा डीकोडर) आणि स्विच म्हणून १६ पी-चॅनल मॉसफेट, लॉजिक लेव्हलचेच (५ व्होल्टवर पूर्ण चालू होणारे) बघून घ्या. १५४ चं आउटपुट निवडलं की लो होतं आणि पी-चॅनलला तेच लागतं, मधे इन्व्हर्टर नको. डेटा, क्लॉक, लॅच (भरलेला डेटा आउटपुटवर आणणारी), ओई (आउटपुट चालू-बंद करणारी, लो असताना चालू) आणि ४ अॅड्रेस (कोणती रो ते सांगणाऱ्या), झाल्या ८ वायरी आणि ग्राउंड.

पॉवरचं बघाल तर सगळ्यात मोठी गळती ७८०५ मध्येच आहे. १२ चे ५ करताना ७ व्होल्ट नुसते तापण्यात जातात, १.२८ अँपिअरला जवळपास ९ वॅट, आणि बोर्ड स्वतः खाणार ६.४! तिथे बक कन्व्हर्टर (फारसं न तापता व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावा, त्याशिवाय बाकीच्या बचतीला काही अर्थ नाही. दुसरं, लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास लागतात, ५ दिले तर उरलेले ३ ड्रायव्हरमध्ये उष्णता होऊन जातात. लॉजिक ५ वर ठेवून एलईडीची लाइन वेगळ्या बकने ४ व्होल्टला आणली तर करंट तोच, उजेड तोच आणि एलईडीची २० टक्के पॉवर वाचते. हे कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर असेल तरच जमतं, नुसत्या रेझिस्टरवर केलं तर बोर्ड मंद होईल.

तिसरं ओई पिन. एलडीआर (उजेड ओळखणारा रेझिस्टर) लावून रात्री पीडब्ल्यूएमने (भराभर चालू-बंद करून) उजेड उतरवा, आणि ओईला १० के चा पुलअप रेझिस्टर ५ व्होल्टला नक्की द्या, म्हणजे मेगा रीसेट होत असताना बोर्ड बंद राहील. उजेडासाठी पीक करंट ८० मिलिअँपिअर वगैरे करायचा मोह होतो, पण प्रोग्रॅम अडकला तर एकच रो सतत ८० वर पेटत राहते आणि जळते, त्यामुळे वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की मेगा आपोआप रीसेट करणारा टायमर) चालू ठेवा.

रो बदलताना वरच्या ओळीची सावली खाली दिसली तर क्रम तपासा: ओई हाय, अॅड्रेस बदला, लॅच, ५-१० मायक्रोसेकंद थांबा, मगच ओई लो. मॉसफेट बंद व्हायला वेळ घेतो म्हणून हे थांबणं लागतं. १०० हर्ट्झला एका रोला ६२५ मायक्रोसेकंद मिळतात आणि ४ मेगाहर्ट्झ एसपीआयवर (मेगाची डेटा पाठवायची वेगवान सोय) ६४ बिट १६ मायक्रोसेकंदात जातात, एक रो दिसत असतानाच पुढचीचा डेटा भरून ठेवा, घाई काहीच नाही.

कुणीतरी डब्ल्यूएस२८१२ (प्रत्येकात कंट्रोल चिप असलेले रंगीत एलईडी) सुचवेल, डेटाची एकच वायर म्हणून. सोलरवर नको. काळा ठिपकासुद्धा आतल्या चिपमुळे अर्धा ते एक मिलिअँपिअर खातो, १०२४ चे मिळून काहीच न दाखवता अर्धा ते एक अँपिअर.

बोर्ड उन्हात लागणार की पडवीत, आणि बॅटरी किती एएचची, तेवढं सांगा. भर उन्हात असेल तर १/१६ चा उजेड पुरणार नाही, १/४ चा हिशोब मांडून देतो.