शरीरातली साखर मोजणाऱ्या ग्लुकोज सेन्सरमध्ये प्रा. अ‍ॅडम हेलर यांचं नेमकं योगदान काय?

थोडक्यात, एन्झाइमला ‘वायर’ जोडली. बेल लॅब्ज ही अमेरिकी संशोधन संस्था सोडून १९८८ मध्ये ते ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक झाले. जुन्या सेन्सरमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमला ऑक्सिजन लागायचा. तो कमी पडला की रीडिंग खाली यायचं. शिवाय तयार होणारा हायड्रोजन पेरॉक्साइड मोजायला सुमारे ०.६ व्होल्ट द्यावे लागत. तेवढ्या व्होल्टेजला शरीरातल्या पॅरासिटामॉलचंही ऑक्सिडीकरण होतं आणि साखर उगाच जास्त दिसते. हेलर यांची ‘वायर’ म्हणजे ऑस्मियम धातू असलेला पॉलिमर. त्यातून एन्झाइमचे इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडवर जातात, तेही कमी व्होल्टेजवर.

१९९६ मध्ये मुलासोबत थेरासेन्स कंपनी काढली. तिच्या फ्रीस्टाइल मीटरला ०.३ मायक्रोलिटर रक्त पुरायचं (डास याहून जास्त पितो!). २००४ मध्ये कंपनी अ‍ॅबटने घेतली. अ‍ॅबटच्या आजच्या लिब्रे या त्वचेवर लावायच्या सेन्सरमध्ये हीच ‘वायर’ आहे.