गोठ्यातला कान तुटका कप

प्रिय बेटा,

मागच्या शनिवारी जेवताना तू विचारलेल्या प्रश्नाला मी जे उत्तर दिले, ते मला स्वतःलाच पटलेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी येथे अमेरिकेत शाळेच्या बसमध्ये एका गोऱ्या मुलाने तुझ्या डब्याच्या वासावरून आणि रंगावरून तुला चिडवले, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मुख्याध्यापकांपुढे जाऊन बसलो. या उन्हाळ्यात मात्र शहाद्याजवळच्या आपल्या गावी लग्नाला गेलो असताना जिभाऊकाकांनी तुझ्या फोनमध्ये तुझ्या कृष्णवर्णीय मैत्रिणीचा फोटो पाहिला आणि "या लोकांपासून जरा लांबच राहा, बेटा" असे चारचौघांत म्हटले, तेव्हा मी हसून विषय बदलला. गोऱ्यांनी केला तर तो वंशद्वेष आणि आपण केला तर ती आपल्याकडची पद्धत, हे कसे, असे तू विचारलेस. मी म्हणालो, "काकांच्या मनात तसे काही नसते."

त्या रात्री मला आठवले, की बसमधल्या त्या मुलाच्या आईने मुख्याध्यापकांच्या खोलीत हेच वाक्य मला ऐकवले होते. त्यावर मी चिडून म्हणालो होतो, की माझी मुलगी रडत घरी आली आहे, मुलाच्या मनात काय होते याच्याशी मला कर्तव्य नाही.

तू तुमच्या वर्गातल्या वादाबद्दलही सांगितलेस. वंशद्वेषाला सत्ता लागते, म्हणून तो फक्त गोरेच करू शकतात, इतरांचा असतो तो नुसता पूर्वग्रह, असे काही जणांचे म्हणणे होते. आणि मग सगळे नियम आम्हालाच का, हा दुटप्पीपणा नाही का, असे एका मुलाने विचारले. पहिल्या म्हणण्यात मोठे तथ्य आहे, हे आधी मान्य करू. एखाद्याने नाक मुरडणे आणि कायद्याने माणसाला दाराबाहेर ठेवणे यांचा परिणाम सारखा नसतो. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्याच माणसाचे आहे. पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्या काळी येथे 'गोऱ्या' आणि आफ्रिकी वंशाच्या माणसांनाच नागरिकत्व घेता येत असे. १९२३ साली येथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात थिंद बसत नाहीत; आणि त्यानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. सत्ता हातात असलेल्याचा पूर्वग्रह माणसाचे काय करू शकतो, ते येथे दिसते.

पण या खटल्याची दुसरी बाजू मी आजवर तुला सांगितली नव्हती. थिंद यांच्या बाजूने न्यायालयात असे मांडले गेले, की ते उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणून गोरेच आहेत. आणि उच्चवर्णीय हिंदू हा, विशेषतः लग्नसंबंधांच्या बाबतीत, भारतातल्या मूळ रहिवाशांकडे त्याच नजरेने पाहतो, ज्या नजरेने अमेरिकी गोरा माणूस निग्रोकडे पाहतो. म्हणजे आम्हालाही आत घ्या, कारण आम्हीही खालच्यांना बाहेर ठेवतो, हा आपला दावा होता. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला थिंद यांच्या आधी आपला गोठा आठवला.

गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटका कप उपडा घातलेला असे. तो आमच्या सालदाराचा. सालदार म्हणजे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरवून वर्षभर शेतात राबणारा गडी. आमचे सालदार गावाच्या कडेच्या भिलाटीतून, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतून, पहाटे येत आणि अंधार पडल्यावर परत जात. चहा झाला की तुझी आजी ओट्यावरून वरून धार धरून त्या कपात चहा ओतत असे, कपाला किटलीचा स्पर्श होणार नाही अशा बेताने; चहा पिऊन झाला की ते स्वतःच कप धुऊन पुन्हा कोनाड्यात ठेवत. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असावे. आपल्या अहिराणीत अहो-जाहो तसेही कमी, पण वडीलधाऱ्याच्या नावापुढे आप्पा, नाना, बापू असे काही तरी लावण्याची रीत आहे. त्यांच्या नावापुढे आम्ही पोरे काहीही लावत नव्हतो, आणि ते मात्र दहा वर्षांच्या मला 'दादा' म्हणत. त्या माणसाबद्दल घरात कोणाच्याही मनात द्वेष नव्हता. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आबांनी धान्य दिले होते, आजारपणात गाडी जुंपून त्यांना दवाखान्यात नेले होते. म्हणून तर मला इतकी वर्षे वाटत राहिले, की आमच्या घरात भेदभाव नव्हता.

सत्तेचा मुद्दा मी याच ठिकाणी आणतो. आपला शहादा ज्यात येतो तो नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत जवळजवळ ६९ टक्के आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा हे तेथे अल्पसंख्य नाहीत, आपण आहोत. तरीही तापीकाठची काळी कसदार जमीन, बाजार समिती, दुकाने आणि कचेरीतल्या खुर्च्या बहुतांशी आपल्यासारख्यांच्या हाती राहिल्या. आपल्या एका शेताला अजूनही 'भिलावालं वावर' म्हणतात. ते नाव कसे पडले, असे मी लहानपणी विचारले, तेव्हा आबांनी उत्तर दिले नाही, आणि मी पुन्हा विचारले नाही. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाच्या पुढाकाराने आदिवासींनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या, मजुरीचे आणि सालदारकीचे प्रश्न मांडले. अंबरसिंग १९७४ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. त्याच वर्षाच्या नावाने आदिवासींना जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा ओळखला जातो. हा सगळा इतिहास आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर घडला, आणि अंबरसिंगांचे नाव मी आपल्या घरात कधीही आदराने घेतलेले ऐकले नाही.

तेव्हा तुझ्या वर्गातल्या मुलांना माझे उत्तर असे, की वंशद्वेषाला सत्ता लागते हे खरे मानले, तरी सत्ता एका रंगाची मालमत्ता नसते. बसमध्ये ती त्या मुलाकडे होती. शहाद्यात ती माझ्याकडे होती. मी अकरावीला पुण्याच्या वसतिगृहात गेलो, तेव्हा माझ्या तोंडून 'काय करी राहिना' असे निघाले की खोलीतली मुले आठवडाभर तेच घोकत, आणि मला रडू येई; आणि त्याच वर्षी दिवाळीला घरी आल्यावर मी मित्रांमध्ये बसून धडगावकडच्या एका पावरा मुलाच्या मराठीची नक्कल केली होती. या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या बाबतीत, एका महिन्याच्या अंतराने घडल्या. आपल्याला लागलेले आपल्या अंगात राहते, आपण दुसऱ्याला दिलेले राहत नाही; मला तरी दुटप्पीपणाचे याहून वेगळे मूळ दिसत नाही.

तुझ्या आईने हे वाचून विचारले, की जात आणि वंश यांची मी गल्लत तर करत नाही ना. शंका रास्त आहे. डॉ. आंबेडकरांनीही जाती म्हणजे वेगवेगळे वंश नव्हेत असेच मांडले होते. पण आपण मात्र हा फरक फार सोयीने वापरतो. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार भारताने संयुक्त राष्ट्रांपुढे नेली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे होते, की हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. २००१ साली त्याच देशातल्या डर्बन शहरात वंशद्वेषविरोधी जागतिक परिषद भरली आणि जातीचा प्रश्न तेथे घ्यावा अशी मागणी दलित संघटनांनी केली, तेव्हा भारत सरकारने त्याला विरोध केला आणि जात म्हणजे वंश नव्हे, हेच कारण दिले. शब्दाच्या व्याख्येत सरकार बरोबर असेलही, पण कोनाड्यातल्या कपाला व्याख्या माहीत नव्हती.

आपल्या भाषेत याच्या उलट जाणारी वाटही आहे आणि ती थिंद यांच्या खटल्याच्या पन्नास वर्षे आधीची आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. अमेरिका न पाहिलेल्या माणसाला तिथल्या गुलामाचे आणि इथल्या शूद्रातिशूद्राचे दुःख एका ओळीत दिसले. आणि मी मात्र अमेरिकेत वीस वर्षे राहून, ज्या १९६५ च्या कायद्यामुळे आपल्यासारख्यांना हे दार उघडले तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या पाठोपाठ आला हे माहीत असून, त्यांच्याच एका मुलीबद्दल माझ्या ओट्यावर वाईट बोलले गेले तेव्हा हसलो.

तू म्हणशील, मग बोलला का नाहीत. मोठ्या भावाला चारचौघांत उलट बोलायचे नाही, हे माझ्या हाडात भिनलेले आहे आणि त्याची मला लाज नाही. जिभाऊंनी स्वतःचे कॉलेज सोडून मला शिकवले. पण चारचौघांत नाही, म्हणजे कधीच नाही, असा त्याचा अर्थ मी करून घेतला, ती चूक माझी.

काल मी जिभाऊंना फोन केला. आधी कापसाचे आणि पावसाचे बोललो, मग त्या फोटोचा विषय काढला. तुला लागले हे सांगितले, मलाही लागायला हवे होते हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, टीव्हीवर जे दिसते त्यावरून बोललो, पोरीला वाईट वाटले असेल तर माझा नाईलाज आहे. मी त्यांना गोठ्यातल्या कपाची आठवण करून दिली, तेव्हा मात्र ते दुखावले आणि म्हणाले, तो काळ वेगळा होता, त्यात मेलेल्या आईला कशाला ओढतोस. मी आजीबद्दल वाईट बोलत नाही, असे मी सांगितले. ते त्यांना पटले की नाही, कळले नाही. 'भिलावालं वावर' हे नाव कोणापासून आले, ते मात्र मी विचारले. जुना सातबारा काढून बघतो, असे ते म्हणाले आहेत.

तुझ्या मैत्रिणीला या रविवारी जेवायला बोलाव. आई कळण्याची भाकरी आणि भरीत करणार आहे; तिला तिखट चालते का, ते आधी विचारून ठेव. जिभाऊकाकांचा फोन दर रविवारी त्याच सुमाराला येतो. तो आला, की तिला बाजूला बसवू नकोस, कॅमेरा दोघींकडे वळव. पुढचे काय बोलायचे ते मी बोलेन.

तुझे,
बाबा