आत तुझ्याजवळ कोण असणार?

नाशिक

प्रिय पोरी,

रविवारी तुझ्या डोहाळेजेवणात बायकांचं पेढा की बर्फी चाललं होतं, तेव्हा तू हळूच उठून स्वयंपाकघरात आलीस. दंडाला शेवंतीचे बाजूबंद, केसांत वाडी. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बेसिनचा नळ चालू ठेवलास आणि विचारलंस, ‘मावशी, मला सहन होईल ना?’ मी काही बोलणार तेवढ्यात कोणीतरी हाक मारली आणि तू हसत परत झोपाळ्यावर जाऊन बसलीस. ते हसू बघून मला रात्री झोप लागली नाही. म्हणून लिहिते आहे.

‘होईल गं, सगळ्यांना होतं’ हे मी लिहिणार नाही. ते तुला दोन्ही घरांतून रोज ऐकायला मिळतंय आणि त्याने तुझी भीती तसूभरही कमी झालेली नाही.

गेल्या महिन्यात तू तुझी वही मला वाचायला दिली होतीस. पिशवीचं तोंड किती उघडलं की निघायचं, टाके किती पडतात, कमरेत सुई घेतली तर जन्मभर कंबर दुखते का, नॉर्मल म्हणता म्हणता सिझर करतात का, खोलीत गरम पाणी आहे का. चांगले प्रश्न आहेत, एकही वेडगळ नाही. पण पाच पानं भरून प्रश्न होते आणि त्यात एक नव्हता. कळा सुरू झाल्यावर आत तुझ्याजवळ कोण असणार?

तू म्हणशील, डॉक्टर, सिस्टर असतीलच की. अगं, मी 31 वर्षं सिस्टर होते. सिस्टर खोलीत असते, तुझ्याजवळ नसते. ती ठोके ऐकते, बीपी घेते, कागदावर लिहिते आणि पुढच्या खाटेकडे जाते. तिला जावंच लागतं. मी विचारतेय ते तुझा हात धरून जागची न हलणाऱ्या माणसाबद्दल.

आधी कळ म्हणजे काय ते सांगते. गर्भपिशवी हा स्नायू आहे, तो आवळला की कळ येते. ती कमरेतून निघते, ओटीपोटाकडे येते, चढते, मिनिटभर राहते आणि ओसरते. मग मधे मोकळा वेळ मिळतो. त्या वेळात पहिलटकरणी दोन मिनिटं चक्क घोरतात, मी पाहिलंय. खोट्या कळा चाललं-फिरलं, गरम पाण्याने अंघोळ केली की विरून जातात. खऱ्या कळा काही केलं तरी वाढत जातात आणि त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. सुरुवातीचा काळ फार रेंगाळतो, कधी कधी अख्खा दिवस. आम्ही शिकलो तेव्हा पिशवीचं तोंड 4 सेंटीमीटर उघडलं की पुढे तासाला 1 सेंटीमीटर असा हिशोब होता, आणि बाई त्या हिशोबाच्या मागे पडली की आमची घाई सुरू व्हायची. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की खरा वेग 5 सेंटीमीटरपासून धरा, आणि तासाला 1 हा नियम सरसकट प्रत्येक बाईला लावू नका. पहिल्या खेपेला 5 वरून 10 वर जायला 12 तासही लागू शकतात. आई आणि बाळ ठीक असतील तर ते 12 तास म्हणजे आजार नव्हे. आम्ही किती जणींना ‘तू नीट कळा देत नाहीस’ म्हणून ओरडलो असू.

आता हे 12 तास एकटीने काढून बघ. भिंतीवर घड्याळ, पलीकडच्या पडद्याआड कोणीतरी विव्हळतंय. बाई घाबरली की अंगात अॅड्रेनलिन वाढतं आणि कळा पुढे नेणारं ऑक्सिटोसिन मागे पडतं. म्हणजे दुखायचं तेवढं दुखतंच, पण काम सरकत नाही. म्हणून म्हणते, आत कोण असणार?

1987 साली मी बाळंत झाले, ती जिथे नोकरीला होते तिथेच. सगळ्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, ‘ही सिस्टरच आहे, हिला काय सांगायचं?’ आणि आपापल्या कामाला लागल्या. माझी आई बाहेर बाकड्यावर. पुस्तक सगळं पाठ होतं मला, पण सहाव्या तासाला त्यातलं एक अक्षर आठवेना. मी भिंतीवरच्या फरशा मोजत होते आणि कोणीतरी माझ्या तोंडाकडे बघावं एवढंच मनात होतं. बघितलं नाही कोणी. मुलगा झाला, सगळं छान झालं, पेढे वाटले, आणि ही गोष्ट मी पुढे वीस वर्षं कोणाला सांगितली नाही.

एवढं भोगून मी शहाणी व्हायला हवी होते. झाले नाही.

1993 च्या पावसाळ्यातली रात्र. सुरगाण्याकडून जीपमधून एक मुलगी आणली, 19 वर्षांची, पहिलटकरीण. बरोबर तिची आई, हातात बाळासाठी धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं. मी त्या बाईला दारातच थांबवलं, ‘आत येता येणार नाही, बाहेर बसा’, आणि दार लावून घेतलं. मुलगी रात्रभर आईला हाका मारत होती. दोन वाजता मी तिला ते वाक्य म्हटलं, जे आमच्या लेबर रूमांमधून पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं गेलंय. ‘आता कशाला ओरडतेस, तेव्हा नाही का दुखलं?’ माझ्या तोंडाने म्हटलं. त्यानंतर ती एकदाही ओरडली नाही. खाटेची लोखंडी दांडी धरून पडून राहिली. हिरव्या बांगड्यांपैकी तीन फुटून मनगटात गेल्या, त्याच्या काचा मी सकाळी चिमट्याने काढल्या. चार वाजता बाळ झालं, चांगलं खणखणीत रडलं. मी ते तिच्या छातीशी नेलं, तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दार उघडलं तर आई उंबऱ्याला टेकून जमिनीवर बसलेली, मांडीत लुगडं. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘बाई, मी आत काय घाण केली असती?’

त्या रात्री 14 खाटांना आम्ही दोघी होतो. एका बाईची वार पडत नव्हती, रक्त जात होतं, डॉक्टर तिच्याकडे अडकलेले. आणि नातेवाईक आत नकोत हा नियम मी केलेला नव्हता, तो माझ्या आधीपासून होता. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलंय आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. ज्यांना आम्ही उर्मट वाटतो त्यांनी एक आठवडा ती रात्रपाळी करून बघावी. पाय सुजतात, लघवीला जायला वेळ मिळत नाही, आणि तरी सकाळी सगळ्या जिवंत असतात, त्या काही आपोआप नाही. पण पोरी, आम्ही दोघीच होतो म्हणून तर तिची आई आत हवी होती. माझंच काम हलकं झालं असतं. हे तेव्हा का सुचलं नाही याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. माझ्या पाळीला आई, सासू, बहीण, जी असेल ती आत. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, गाऊन घालायचा, उशापाशी उभं राहायचं. मला दोनदा मेमो मिळाला, जंतुसंसर्गाचं कारण देऊन. दोन्ही वेळा मी उत्तरात लिहिलं की तिचे हात मी स्वतः समोर उभं राहून धुवून घेतले आहेत. हट्टी म्हणून बढतीत मागे राहिले, तेही चालेल. मग 2016 साली केंद्राच्या आरोग्य खात्यानेच सांगितलं की सरकारी दवाखान्यांत बाळंत होणाऱ्या बाईसोबत तिच्या ओळखीची, स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई राहू द्या, आणि जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवराही. तोवर माझी नोकरी संपत आली होती. तो कागद मी तीनदा वाचला.

माझं म्हणणं म्हातारीचा हेका वाटत असेल तर हे वाच. 2017 साली या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात 15,000 हून अधिक बायांची माहिती होती. ज्यांच्याजवळ सतत कोणीतरी होतं त्यांची नैसर्गिक प्रसूती जास्त झाली, सिझर कमी झालं, कळांचा काळ थोडा आखडला, आणि बाळंतपणाची वाईट आठवण कमी जणींना राहिली. याला गोळी लागत नाही, मशीन लागत नाही.

कमरेतल्या सुईबद्दल. तुझ्या सासूबाई म्हणतात, ‘आम्ही नाही का सोसलं?’ त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांनी खरंच सोसलं. पण सोसण्याने आईपण वाढत नाही. 1853 साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म हुंगला, त्या काळीही लोक म्हणत होतेच की हे दुखणं देवाने दिलंय, त्यात हात घालू नका. ही कमरेतली सुई म्हणजे एपिड्युरल, ती भूलतज्ज्ञ देतात, तू शुद्धीवर राहतेस, दुखणं खूप कमी होतं. बीपी उतरू शकतं म्हणून लक्ष ठेवावं लागतं, शेवटी जोर करायला वेळ जास्त लागू शकतो. त्याने सिझर वाढतं असं दिसलेलं नाही, आणि जन्मभराच्या कंबरदुखीचा दोष त्या सुईवर टाकण्यातही तथ्य नाही. हवी तर घे, नको तर नको घेऊ, आणि पाचव्या तासाला मत बदललं तर त्यात कमीपणा नाही. फक्त भूलतज्ज्ञ रात्री तीन वाजता येतात का हे आत्ताच विचार. आणि सुई घेतलीस तरी माझा प्रश्न तसाच राहतो. कंबर बधिर झाली म्हणून माणूस एकटं राहायला तयार होत नाही.

सिझरची तुझी शंका मी उडवून लावणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात सरकारी दवाखान्यांतली 14.3 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसली आणि खासगीत 47.4 टक्के. सगळ्या अडलेल्या बाया खासगीतच जातात असं तर नाही. तेव्हा कारण विचार, दोनदा विचार. पण बाळाचे ठोके खाली जाऊन परत वर येत नसतील, मूल आडवं असेल, वार तोंडाशी असेल, तर वाद घालू नकोस, सही कर. आणि त्या क्षणी तू विचारण्याच्या अवस्थेत नसतेस गं! कळ चढलेली असताना कोणालाही नीट वाक्य जुळवता येत नाही. तुझ्या वतीने शांतपणे ‘डॉक्टर, का?’ असं विचारणारं माणूस लागतं. पुन्हा तिथेच आलो.

तर कोण? आईच असली पाहिजे असं नाही. लेकीला कळ आली की स्वतःच रडायला लागणाऱ्या आया मी शेकड्यांनी पाहिल्यात. तुझी आई तशी नाही, सटाण्याच्या शेतावर एकटीने गाय विऊ घातलेली बाई आहे ती, तूच मला सांगितलंस. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज मला मान्य आहे, पण तुझी तपासणी पहिल्यापासून इथे झाली आहे, कागद इथे आहेत. सटाण्याहून नाशिक म्हणजे गाडीने दोन तास. तू माहेरी जाण्यापेक्षा माहेर इथे आण. आठवा संपला की तिला बोलावून घे. नवरा आत यायला तयार असेल तर उत्तम, दोघं आळीपाळीने राहतील. रक्त बघून त्याला भोवळ येते असं तो म्हणाला, तर तेही आत्ता कळलेलं बरं. तू बँकेतल्या कामाची यादी करतेस तशी या दोघांची कामं लिहून काढ. कळ आली की माकडहाडाच्या वर तळव्याने दाबून धरायचं. ओसरली की दोन घोट पाणी, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. दर तासाला लघवीची आठवण. आणि ‘झालं झालं, थोडंच राहिलं’ असलं खोटं बोलायचं नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सरळ विचार, ‘आत माझ्याजवळ माझं माणूस शेवटपर्यंत राहील ना?’ लाजत, पदर चाळवत विचारू नकोस. नाही म्हणाले तर कारण विचार. कारण पटलं नाही तर गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत दवाखाने काही कमी नाहीत, आणि अजून दोन महिने हातात आहेत. एवढा भांडखोरपणा मला तुझ्याकडून हवा आहे. साडीच्या दुकानात तू शंभर रुपयांसाठी भांडतेस, मी बघितलंय.

राहिलेलं पटकन लिहिते. रक्त जायला लागलं, पाणी गेलं आणि ते हिरवट-काळपट असलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट न बघता निघायचं, गाडी नसेल तर 108. साधं पाणी गेलं तरी फोन करून जायचंच. थोडा रक्ताळलेला चिकट स्राव गेला तर घाबरू नकोस, तोंड उघडायला लागल्याची ती खूण आहे. दिलेल्या तारखेवर डोळे लावून बसू नकोस, त्या नेमक्या दिवशी फार थोड्या जणी मोकळ्या होतात. बाळाला मध, गूळपाणी चाटवायला कोणी आलं तर माझं नाव सांग. टाक्यांबद्दल समोरासमोर बोलू, लिहिण्यात ते उगाच भयंकर वाटतं.

आणि ओरडायचं असेल तर ओरड. कोणी ते वाक्य म्हटलंच, तर जी तुझ्याजवळ असेल तिने वळून बघावं, एवढं पुरतं. मी त्या वाक्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेली आहे, मला माहीत आहे.

शनिवारी आईला घेऊन ये. कमरेवर कुठे आणि किती दाबायचं ते मी तिला तुझ्यावरच दाखवते. येताना तिचं एखादं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं आणायला सांग.

तुझी
मावशी