‘तिच्या डोक्यातून दुर्बीण काढा’

प्रश्न (थोडक्यात): मुलगी यंदा बारावी झाली. 86 टक्के, फिजिक्सला 93, गणिताला 68. सीईटीवर पुण्यात कम्प्युटर थोडक्यात हुकतंय, पण मॅनेजमेंट कोट्यासाठी प्लॉट विकायची आमची तयारी आहे. तिचा हट्ट मात्र बीएस्सी फिजिक्सचा. पुढे म्हणे अवकाशातल्या अतिनील दुर्बिणी डिझाइन करायच्या! अकरावीच्या सुट्टीत एका कार्यशाळेत सहा इंची आरसा घासून दुर्बीण केली, तेव्हापासून हे खूळ. अभ्यास बिघडू नये म्हणून तो आरसा आम्ही कपाटात कुलपात ठेवलाय. बीएस्सी करून शेवटी बी.एड.च ना? ऑप्टिक्स म्हणजे अकरावी-बारावीचे दोन धडे, बाकी सगळं सॉफ्टवेअर करतं. मग कम्प्युटर का नको? तिला चार शब्द समजावून सांगा. – एक पालक, उदगीर

उत्तर: नमस्कार. समजावण्यासारखं बरंच आहे, पण ते तिला नाही.

तुमचं मूळ पत्र मोठं आहे. त्यात ‘आम्ही ठरवलं’ जागोजागी आहे, तिच्या तोंडचं वाक्य एकही नाही. तिच्या वाट्याला आलेत ते शब्द दोनच, हट्ट आणि खूळ. आणि आरसा कुलपात! दारू-सिगारेट सापडली असती तर समजलो असतो. सहा इंची काच कार्बोरंडमच्या पुडीने घासायची, मग पॉलिश करायची, मग अंधारात बसून ब्लेडच्या कडेने तिच्यावरची सावली वाचायची, खोलगटपणा कुठे चुकलाय ते ओळखायचं आणि पुन्हा घासायला घ्यायचं. यात चूक मोजायची ती मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागात. सुट्टीत झोपा काढायच्या वयात हे चिकाटीने पुरं करणारी मुलं मला फार भेटत नाहीत. अभ्यास यानं बिघडत नाही, हाच अभ्यास आहे. कुलूप काढा, आजच.

आता सॉफ्टवेअरचा गैरसमज. किरण कुठे जाऊन पडतील ते सॉफ्टवेअर सांगतं हे खरं, पण त्याला काय विचारायचं ते माणसालाच कळावं लागतं. आपल्या ॲस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहावरची यूव्हिट दुर्बीण घ्या. तिचं एक काम 130 ते 180 नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशात आकाश पाहायचं. हा प्रकाश साध्या काचेतून पलीकडे जातच नाही, म्हणजे नेहमीची भिंगं बाद. आरसे वापरायचे, तर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा हवा लागताक्षणी ऑक्साइड धरतो आणि तो थर हाच प्रकाश गिळतो. म्हणून निर्वातातच त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ थर चढवतात. एवढं करूनही प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश जातोच, त्यामुळे जास्तीचा एकही आरसा परवडत नाही. यूव्हिटमध्ये 375 मिलिमीटरच्या दोन जुळ्या दुर्बिणी आहेत आणि त्यातली एक अख्खी या दूरच्या अतिनीलसाठी राखून ठेवलेली आहे. आरशावरचा जो उंचवटा 550 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला चालून जातो, तोच 150 ला चित्र पुसट करतो. आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे वाफा. यानातल्या गोंदातून, वायरींच्या वेष्टनातून अवकाशात वाफा सुटतात, आरशावर बसतात आणि अतिनील प्रकाशाने तिथेच पक्क्या होतात. नुसत्या डोळ्यांना आरसा लख्ख दिसेल, अतिनीलमध्ये तो आंधळा झालेला असेल. ॲस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 ला उडालं, आणि या वाफा निघून जाव्यात म्हणून यूव्हिटची झाकणं पुढे सुमारे दोन महिने उघडलीच नाहीत. कुठला गोंद चालेल हे ठरवणं हेसुद्धा ऑप्टिक्सवाल्यांच्या कामात येतं, आणि ते दोन धड्यांत नाही.

आणि हे सगळं कुठे परदेशात चालतं असंही समजू नका. सूर्याच्या अभ्यासासाठी सोडलेल्या आदित्य-एल1 यानावरची ‘सूट’ (SUIT) नावाची दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने झाली. ती 200 ते 400 नॅनोमीटरमध्ये सूर्य पाहते. तिथे अडचण उलटी, प्रकाश नको इतका! म्हणून तोंडाशीच एक फिल्टर बसवून बहुतेक ऊन बाहेरच अडवलंय.

मार्ग नेहमीचेच. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा, एमएस्सी, मग पीएच.डी.साठी जेस्ट किंवा नेट परीक्षा; किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्डवरून तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश तंत्रज्ञानाची संस्था. माहिती सगळीकडे मिळते.

बी.एड.ची भीती अगदीच खोटी म्हणणार नाही. अवकाश दुर्बिणींच्या जागा देशात मोजक्या आहेत, पीएच.डी. होईपर्यंत तिशी जवळ येते आणि इस्रोची हमी कुणी देत नाही. पण ऑप्टिक्स शिकलेला हाच माणूस मोबाइलचा कॅमेरा, एंडोस्कोप, लेझरची उपकरणं यांतही लागतो. तुम्हाला ज्या कम्प्युटरचा एवढा भरवसा आहे, त्याच्या चिपा छापायला 193 नॅनोमीटरचा अतिनील लेझर वापरतात, आणि त्या यंत्रांची भिंगं वितळवलेल्या क्वार्ट्झची आणि कॅल्शियम फ्लोराइडची असतात. यूव्हिटच्या फिल्टरांतही कॅल्शियम फ्लोराइड आहेच.

इंजिनिअरिंगच हवं असेल तर कम्प्युटरवर अडून बसू नका. उड्डाणाच्या हादऱ्यात आणि नंतरच्या थंडी-उन्हात आरसा सूतभरही हलू नये, अशी त्याची बैठक मेकॅनिकलवालेच करतात. त्यासाठी प्लॉट विकायचीही गरज पडू नये.

मला 86 टक्क्यांची काळजी नाही. गणिताचे 68 खटकतात. वेळ कमी पडला, की मुळात गणित नकोसं आहे? वेळ कमी पडला असेल तर सुधारता येतं. नकोसं असेल तर बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला ती अडेल, आणि हे तिला आत्ताच कळलेलं बरं. उत्तर तिच्याकडेच आहे. तेव्हा कॅपचे (इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीचे) पर्याय भरण्याआधी तिला मला लिहू द्या: गणिताच्या पेपरात नेमकं कुठे गाडी अडली, आणि आरसा घासताना सर्वांत जास्त वेळ कशात गेला. तिने लिहिलेलं तपासायला घेऊ नका.