डॉकटेस्टच्या युनिट टेस्ट करताना सेव्हचं काय?

प्रश्न : आमचा एक जुना पायथॉन प्रोजेक्ट आहे, त्यात सभासदांची माहिती डेटाबेसमध्ये सेव्ह करणारा क्लास आहे आणि त्याच्या सगळ्या टेस्ट डॉकस्ट्रिंगमध्येच (कोडच्या आत लिहिलेल्या माहितीच्या मजकुरात) डॉकटेस्ट पद्धतीने लिहिल्यात, म्हणजे प्रॉम्प्टपुढे कोडची ओळ आणि खाली अपेक्षित आउटपुट. डॉकस्ट्रिंग लांबच लांब झाल्यात, वरची एक ओळ फुटली की खालच्या सगळ्या फुटतात. आता हे सगळं युनिटटेस्टमध्ये, म्हणजे पायथॉनच्या टेस्ट लिहायच्या मोड्यूलमध्ये न्यायचंय. ओळीमागून ओळ असर्टइक्वल (दोन गोष्टी सारख्या आहेत का ते तपासणं) करत गेलो तर चालेल ना? आणि डेटाबेस खरा घ्यायचा की मॉक करायचा, म्हणजे त्याच्या जागी खोटा ठेवायचा?

उत्तर : ओळीमागून ओळ नका करू. तसं केलंत तर जुन्या टेस्टमधली भोकंही जशीच्या तशी नव्या फाइलमध्ये येतील, आणि सेव्हच्या कोडमध्ये ती भोकं बरीच असतात.

डॉकटेस्ट काय करतं, ओळ चालवतं आणि जे छापलं गेलं ते खालच्या मजकुराशी अक्षरशः ताडून बघतं, बस. आता तुमची 'सभासद.सेव्ह()' ही ओळ घ्या, ती नन (म्हणजे 'काहीच नाही') परत देत असेल तर काहीच छापलं जात नाही, खाली अपेक्षित काही लिहिलेलं नाही, टेस्ट पास! म्हणजे एवढंच कळलं की एरर आली नाही, डेटाबेसमध्ये काय गेलं ते कुणी बघितलंच नाही. पुढच्या ओळीत बहुतेक सभासदाचं नाव छापलेलं असेल, पण ते मेमरीतल्या ऑब्जेक्टचं नाव आहे, टेबलातल्या रोचं नाही. सेव्ह रिकामं असतं तरी ते नाव छापलंच असतं की.

म्हणून आधी प्रत्येक डॉकस्ट्रिंग वाचून कागदावर लिहा, इथे नक्की काय सिद्ध करायचं होतं. नवा सभासद सेव्ह झाला, तोच पुन्हा सेव्ह केला तर दुसरी रो तयार होत नाही, ईमेल डुप्लिकेट असेल तर एरर येते, अशी एकेक गोष्ट, आणि प्रत्येकीची वेगळी टेस्ट मेथड. एरर जिथे यायला हवी तिथे असर्टरेझेस (अपेक्षित एरर आली का ते तपासणारी मेथड) घाला, ट्रेसबॅकचा, म्हणजे एररच्या लांबलचक संदेशाचा मजकूर जुळवत बसायचं काम संपलं. आयडी ७ आहे का, तारखेचा स्ट्रिंग असाच छापतो का, असल्या ओळी सरळ सोडून द्या, त्या छापून आलं म्हणून लिहिलेल्या असतात.

आता कमिटचं, म्हणजे केलेले बदल डेटाबेसमध्ये कायम करण्याचं. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेससाठीचं पायथॉनचं एसक्यूलाइट३ मोड्यूल डीफॉल्टला इन्सर्टच्या आधी स्वतःच ट्रान्झॅक्शन (एकत्र कायम किंवा रद्द होणारा बदलांचा गठ्ठा) उघडतं, कमिट मात्र तुम्हाला करावं लागतं. तुम्ही विसरलात आणि टेस्टने त्याच कनेक्शनवरून सिलेक्ट केलं तर रो दिसते, कारण आपले कमिट न केलेले बदल त्या कनेक्शनला दिसतातच. टेस्ट हिरवी (पास), आणि प्रोग्रॅम बंद केला की डेटा गायब. यावर उपाय म्हणजे सेटअपमध्ये (प्रत्येक टेस्टआधी चालणाऱ्या मेथडमध्ये) टेम्पररी फोल्डरमध्ये फाइलवरचा डेटाबेस बनवा, एका कनेक्शनने सेव्ह करा, दुसरं कनेक्शन उघडून त्यावरून वाचा आणि ते ताडून बघा. इन-मेमरी (फाइलऐवजी मेमरीत राहणारा) डेटाबेस फास्ट असतो हे खरंय, पण साध्या ':मेमरी:' मध्ये दर कनेक्शनला आपापला वेगळा डेटाबेस मिळतो, त्यामुळे ही चूक तिथे पकडता येत नाही. कनेक्शन बंद करायचं युनिटटेस्टच्या अ‍ॅडक्लीनअप मेथडला सांगा, कारण सेटअप मध्येच फसला तर टेअरडाउन (टेस्टनंतर आवराआवर करणारी मेथड) चालतच नाही. एकापेक्षा जास्त रो वाचणार असाल तर क्वेरीत ऑर्डर बाय (क्रम ठरवणारा भाग) घालाच, त्याशिवाय क्रमाची कसलीही गॅरंटी नसते.

मॉकबद्दल माझं मत सरळ आहे, सेव्हच्या कोडला मॉक नको. मॉक एवढंच सांगतो की एक्झिक्यूट कॉल झालं, कॉलमचं नाव चुकलं असलं तरी तो खूशच. आणि लाइव्हला (प्रत्यक्ष वापरात) पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस असेल तर निदान काही टेस्ट पोस्टग्रेसवरच चालवा. एसक्यूलाइट ढिलं आहे, २० अक्षरांच्या व्हारकॅरमध्ये (मजकुराच्या कॉलममध्ये) ५० अक्षरं निमूट घेतं आणि फॉरेन कीची (दुसऱ्या टेबलातल्या रोशी असलेल्या दुव्याची) तपासणी सहसा प्रत्येक कनेक्शनवर प्राग्मा ही कमांड देऊन चालू करावी लागते. पोस्टग्रेस दोन्हीकडे एरर देतं.

प्रश्न : मग जुन्या डॉकटेस्ट लगेच उडवू का?

उत्तर : थांबा जरा. नवी टेस्ट लिहिली की कोडमधली कमिटची ओळ मुद्दाम कमेंट करा (म्हणजे ती चालणार नाही), टेस्ट लाल (फेल) व्हायला हवी, झाली नाही तर टेस्टच चुकलीय. लाल झाली की कमिट परत घाला आणि मगच त्या भागाची जुनी डॉकटेस्ट काढा. तोवर युनिटटेस्टच्या लोड_टेस्ट्स फंक्शनमध्ये डॉकटेस्टसूट (जुन्या डॉकटेस्टचा संच) जोडून दोन्ही एकाच रनमध्ये चालवता येतात. आणि क्लास कसा वापरायचा ते दाखवणारी दोन-चार ओळींची डॉकटेस्ट राहू द्या, नवीन येणारा माणूस आधी तीच वाचतो.